पहिली चांदणी

पोलंडात चार वाजताच अंधारायचं.
पहिली चांदणी दिसली की मगच पानावर बसायचं,
एवढा एकच नियम आईनं
सामानात बांधून दिला होता.

इथे पर्थमध्ये सात वाजले तरी
ऊन अंगणातून हलायचं नाव घेत नाही.
तिमेक अर्ध्या चड्डीत कुंपणावर चढून बसलाय,
दर मिनिटाला ओरडतोय, "अजून नाही!"
बीटचं सार यारेकनं फ्रिजमध्ये ठेवलंय.
टेबलावरच्या पांढऱ्या चादरीखाली
रीतीपुरतं वाळलं गवत,
सशांचं खाणं विकणाऱ्या दुकानातलं.

एक ताट जास्तीचं. अवचित येणाऱ्यासाठी.
खरं तर बाबांचं,
पण तसं कुणी म्हणत नाही.

तेवढ्यात शेजारची नोलीन आली, अनवाणी,
हातात आमचीच पाण्याची नळी,
मार्चमध्ये उसनी नेलेली.
"अगंबाई, माझीही खुर्ची मांडलीत?"
म्हणाली, नि टेकलीसुद्धा.

कुणी काही बोललं नाही.
मग यारेक उठला, सार वाढलं, गारच.
पहिल्या घोटाला तिनं तोंड वाकडं केलं.
दुसऱ्यानंतर वाटी पुढे केली.

चांदणी उगवली तेव्हा
कुंपणावर कुणीच नव्हतं.