खोली

टेंभरे मॅडम म्हणाल्या, "खोली दहा,"
आणि भोजराज उठून दाराबाहेर पाहू लागला.
आमच्या शाळेला खोल्याच चार,
त्यातल्या एकीत खिचडीचे तांदूळ.
"खोल किती, ते रे. किलोमीटरमध्ये."
सगळे हसले. मीही, जरा उशिरा.

नकाशा मोठा. अलास्का उंदरानं नेलेलं.
जमिनीवर नद्या, डोंगर, राजधान्यांचे ठिपके,
पाण्यावर नुसतं महासागराचं नाव,
अक्षरं दूर दूर, जागा भरून काढायला.

जिल्ह्याहून कागद आले होते:
एका वर्षाचे भूकंप, सतराशे चाळीस ओळी.
उथळ ते लाल दाखवा, मधले हिरवे, फार खोल ते निळे.
खडू पुसला जायचा, पेनानं कागद फाटायचा.
मी म्हणालो, आमच्या घरी टिकल्या हायेत जी.

आईचं दुकान म्हणजे एक पेटी आणि सायकल.
देवरी, चिचगड, ककोडी, ज्या वारी जो बाजार.
पाकिटं मी न सांगता नेली.

चेतना वाचायची, भोजराज पट्टी धरायचा, मी चिकटवायचो.
उत्तर शून्य, पश्चिम अठरा, खोली दहा. लाल.
दक्षिण सतरा, पश्चिम एकशे अठ्ठ्याहत्तर,
खोली पाचशे साठ. निळी.
पहिल्या दिवशी काहीच कळेना,
गोवर निघाल्यासारखा नकाशा.

आठव्या दिवशी अटलांटिकच्या मधोमध
एक रेघ उभी होती.
कोणी काढली नव्हती.
बांदीच्या धुऱ्यासारखी,
थोडी चालते, आडवी सरकते, परत चालते,
आणि सगळी लाल.
मॅडम म्हणाल्या, इथं तळ उकलतो,
नवा दगड वर येतो, दोन्हीकडे सरकतो,
आपली नखं वाढतात तेवढा.
भोजराजनं नखं पाहिली. काळी होती.

टोंगापाशी वेगळंच.
पूर्वेला लाल, मग हिरव्या, मग पश्चिमेला निळ्या.
चेतनानं त्यावरून बोट नेलं
आणि बोट आपोआप खाली वाकलं.
"उतार हाय जी हा."
कागद तर भिंतीवर सपाट होता.
मॅडम काही बोलल्या नाहीत,
पण त्या दिवशी तास वाजला तरी सोडलं नाही.

आमच्यापासून खूप खाली, जरा डावीकडे,
समुद्रात तीन रेघा एका जागी भेटत होत्या.
आमच्या गावावर एकही टिकली नाही.
भोजराजला वाईट वाटलं.

निळ्या संपल्या तेव्हा आईला कळलं.
पेटीसकट शाळेत आली.
बांगडी विकण्याआधी ती नखानं वाजवते,
आवाजावरून सांगते आत तडा आहे का.
नकाशापुढे बराच वेळ उभी राहिली.
"सांधा हाय हा," म्हणाली,
"फुटते ते सांध्यावरच फुटते.
पण एवढं मोठं वाजवून पायलं कोनं?"
"ते स्वतःच वाजतं," मॅडम म्हणाल्या,
"आपण ऐकायचं."
आईनं पैसे मोजून घेतले.
दोन रुपये कमी भरले, तेही सोडले नाहीत.

उन्हाळ्याच्या सुट्टीत डिंक सुकला.
शाळा उघडली तर समुद्र जमिनीवर सांडलेला,
नकाशावर चिकट डाग,
डागांवर धूळ, म्हणून रेघ आणखीच ठळक.

सयाबाईला झाडताना एक निळी टिकली सापडली.
पाचशे साठ असेल, किंवा सहाशे दहा.
तिनं ती कपाळाला लावली
आणि तांदळाच्या खोलीला कुलूप घालायला गेली.