सतरा

औलूच्या इस्पितळात, चौथ्या मजल्यावर,
रात्री दोन वाजता राइया गोळ्या मोजते.
पंधरा, सोळा, सतरा...
आणि फोन.

नऊ नंबरच्या आजोबांना पाणी हवंय.
पाणी पाजून ती परत येते,
पण सगळी येत नाही.
पावलं येतात, हात येतात,
मन अजून तिकडेच, पेल्याच्या काठाशी,
त्या थरथरत्या ओठांवरून थोडं सांडलेलं.
सतरा, की अठरा?
ती डबी पालथी करते.
एक. दोन.

मी फरशी पुसतो. तेवढंच करतो.
लिफ्टपासून टोकाच्या खिडकीपर्यंत,
जिच्याबाहेर दुपारी तीनपासून अंधार आहे.
कुठवर आलो होतो, हे मला कधी आठवावं लागलं नाही.
ओल संपते तिथवर.
तिच्या कामाला असा ओला काठ नाही.

मागच्या हिवाळ्यात तिला लाल जाकीट दिलं होतं,
पाठीवर ठळक अक्षरं: मोजणी चालू, बोलू नका.
पहिल्या रात्री जो तो थांबून विचारी,
राइया, हे जाकीट कसलं गं?
ती समजावून सांगे.
मग पुन्हा, एक.

मुख्य परिचारिका केत्तुनेनबाई महिन्याच्या तक्त्यात लिहितात:
वेग कमी.
फोनला तक्त्यात रकाना नाही.
मला विचारलं असतं तर सांगितलं असतं,
ही बाई कामानं दमत नाही हो,
कामाकडे परत येताना दमते.
पण फरशीवाल्याला कोण विचारतं?

विचारलं नाही. यंत्र दिलं.
सोमवारपासून माझ्याही कमरेला ते थरथरतं:
सहा नंबर, उलटी.
लिफ्टमध्ये काच फुटली.
तळमजल्यावर कुणीतरी या.
काल धावून परत आलो तर फरशी वाळलेली,
इथून तिथून सारखीच.
बादली हातात, आणि मी
आपल्याच वीस वर्षांच्या ओळखीच्या जागेत
परक्यासारखा उभा.

राइयानं पाहिलं. हसली नाही.
तेवढ्यात तिचा फोन वाजला, माझं यंत्र थरथरलं.
"वेल्लो," ती निघता निघता म्हणाली,
"सतरा. लक्षात ठेव."
"अकरा नंबरचा उंबरठा," मी म्हणालो, "तू ठेव."

आणि जिन्यावरून खाली पळालो,
तिचा आकडा दातांत अलगद धरून,
मांजर पिल्लू नेते तसा.