दोन बोटं

चोरलच्या पुलापासून पायी पाऊण तास, तिथे एक डोह आहे.
नाव विचारू नका. नाव कळलं की फार्महाऊस येतं.

भर वैशाखात त्याच्या तळाशी गारवा असतो.
खडकाच्या भेगेतून पाणी शिरतं,
घरचंच माणूस मागच्या दाराने यावं तसं,
आणि त्या भेगेकडे तोंड करून बाडस उभे असतात.
नऊ. कधी अकरा.
सोनेरी नाही म्हणणार मी त्यांना.
जुन्या पितळी कुलपाचा असतो तो रंग.

एकतीस वर्षं मी सरकारी विहिरी मोजल्या.
पोलादी टेप, टोकाला खडू फासलेला.
सोडायचा, ओढायचा,
खडू कुठवर भिजला ते रकान्यात भरायचं.
बावीस फूट. अडतीस. एक्क्याण्णव.
मग एका मे महिन्यात टेप संपला, पाणी लागलं नाही.
मी लिहिलं, ‘विहीर कोरडी’.
साहेबांनी खोडून लिहिलं, ‘टेप अपुरा’.

निवृत्तीच्या वर्षी टेकडीवर तिरुचेंगोडची गाडी आली.
सेल्वराजला हिंदीचे चारच शब्द येत:
पानी, पत्थर, डीजल, कल.
सहाशे वीस फूट गेला तो.
आधी राखी भुकटी, मग लाल, मग फेस.
शेठनी नारळ फोडला, टाळ्या झाल्या.
सेल्वराजने तोंड पुसलं, माझ्याकडे बघून
पाचवा शब्द शोधला, म्हणाला,
‘पत्थर में रोड. पानी का रोड.’
आणि बोट दाखवलं खाली,
बरोबर डोहाच्या दिशेला.

तहसिलीत म्हणाले, बोअर नदीपासून सातशे मीटरवर आहे.
नदी या खात्याची, जमिनीखालचं त्या खात्याचं,
मासे वरच्या मजल्यावर, पण जिन्याचं काम चाललंय.
‘मॅडम, तुमचं पाणी नक्की कुठल्या फायलीतलं?’

रेवली हसली हे ऐकून.
डोहात तिची काठी रोवलेली असते, विळ्याने खाचा पाडलेली.
‘मोटर लागली की खाच उघडी पडते.
थांबली की बुडते.
एवढ्यासाठी ऑफिस लागतं होय तुम्हाला?’

मग आम्ही दोघी ओंकार चौकीदाराकडे गेलो.
एक रात्र मोटर बंद ठेव म्हटलं.
रविवारी पाहुणे होते, पोहायचा हौद भरायचा होता.
तो बराच वेळ बिडीकडे बघत राहिला.
मग उठला, फ्यूज उपसला,
सदऱ्याच्या खिशात टाकला, वर बटण लावलं.
‘लाइट गेली होती म्हणेन. इथे कोण तपासतं.’

रात्री दहाला चौथी खाच उघडी.
बाराला उघडी.
मला डुलकी लागली, रेवलीने कोपराने ढोसलं.
बॅटरीच्या उजेडात खाच दिसेना.
काठी कुणी हलवली का म्हणून मी पाण्यात उतरले,
आणि घोट्याला गार लागलं.
पहाटेपर्यंत दोन बोटं.
फक्त दोन बोटं पाणी,
पण कडेच्या उथळात अडकलेला एक बाडस
पोट घासत घासत
तेवढ्यावरून आत गेला.

सातला ओंकारने खिशाचं बटण काढलं.

इंदूरला परतले तर नळाचा दिवस होता.
चोरल नर्मदेला मिळते,
नर्मदा पंपाने घाट चढून दिवसाआड आमच्या घरी येते.
आणि ज्या दिवशी येत नाही
त्या दिवसासाठी अंगणात आमचा बोअर आहे,
चारशे दहा फूट,
‘हरकत नाही’ खाली सही माझीच.
बादली भरली. बंद करायला हात उशिरा गेला.

सुनावणी सोळा तारखेला.
टेप घेतलाय, रात्रीचे आकडे घेतलेत, वेळ घालून.
आमच्या अंगणातल्या बोअरचा कागदही घेतलाय,
कुणी विचारायच्या आधी मीच ठेवीन टेबलावर.
रेवलीकडे काठी मागितली होती, पुरावा म्हणून.
नाही म्हणाली.
काठी इथेच राहील.
साहेबाला इकडे आणा.