जिभा

फेब्रुवारीत आमच्या बेटाशी कॉड यायचा,
आणि शाळा सुटली की आम्ही पोरं धक्क्यावरच्या शेडमध्ये.
धडं मोठ्या माणसांची, मुंडकी आमची.
मुंडकं खिळ्यावर रोवायचं, हनुवटीखालून सुरी फिरवायची,
जीभ बादलीत. किलोवर भाव.
माझी पहिली सायकल त्या जिभांची.

आयलिफ मला मुंडकी द्यायचा.
माझ्याहून तीन वर्षांनी मोठा,
आणि त्याच्या बुटांच्या नाड्या मी बांधायची.
बोलायचा नाही. म्हणजे एकही शब्द नाही.
नुसता घुमायचा, लांब कुठे बोटीचं इंजिन चालू असावं तसा.
त्यावरून आईला कळायचं, अंगात ताप आहे.
मला कळायचं, आता हा कानांवर हात ठेवणार,
आता कुणीतरी हसणार.

उरलेली मुंडकी तो फळीवर मांडायचा,
सगळ्यांचे डोळे समुद्राकडे.
एखादं कलंडलं की पहिल्यापासून पुन्हा.
माझी बादली अर्धीच राहायची.

बोडोहून आलेल्या इंग्विलनं विचारलं, हा कोण गं?
मी म्हटलं, असाच. शेजारचा.
जिभेला हाड नसतं.
शेकड्यांनी कापल्या होत्या मी, मला ठाऊक होतं.
त्यानं पुढचं मुंडकं पुढे केलं.
त्याला ऐकू सगळं यायचं.

रात्री आईनं जिभा पिठात घोळवून लोण्यात तळल्या,
त्याला दोन जास्त वाढल्या.
मी भांडले, ताट सरकवलं.
तिला वाटलं, दोन जिभांवरून.

माझ्यामागे याचं तू बघशील ना,
असं तिनं कधी विचारलं नाही.
विचारलं असतं तर नाही म्हणायची सोय झाली असती.

आता तो लेक्नेसला असतो, आणखी चौघांबरोबर.
टक्कल पडलंय, चष्मा लागलाय.
पुलावर वारा असला की मला उशीर होतो,
तरी तो खिडकीत उभा, घड्याळ न कळणारा माणूस.
टेबलावर पाच कप, पाचांचे कान एकीकडे.
मी एक हळूच फिरवते.
तो पहिल्यापासून पुन्हा मांडतो.
मांडू दे. बादली भरायची नाहीये कुणाला.

मग आम्ही बटाटे सोलतो.
सुरी देताना मूठ माझ्याकडे करतो,
पातं स्वतःच्या तळव्यात.
हे त्याला कुणी शिकवलेलं नाही.
शेडमध्येही तशीच द्यायचा,
त्या दिवशीसुद्धा.