टनामागे पाव किलो

मका महागला त्या वर्षी
नवापूरच्या आमच्या खाद्य-गिरणीत मी दादर आणली, शिरपूरकडची,
आणि सरकीची पेंड.
कागदावर प्रथिनं जुळली, पैसेही जुळले.
कोंबड्यांना कागद वाचता येत नाही.

तिसऱ्या आठवड्यात सुरतेच्या व्यापाऱ्यानं
चाळीस ट्रे परत धाडले.
बलक फिका, तापातून उठलेल्या माणसासारखा,
कवच असं की उचलताना बोट आत जावं,
आणि गोदामात राहिलेल्या अंड्यांत
शेवाळाची झाक.

"झाक सरकीची," डॉक्टर चौरे म्हणाले.
पेंड निम्म्यावर आणली,
झेंडूच्या वाळक्या पाकळ्या लिहून दिल्या,
आणि बॅगेतून एक पिशवी काढली,
राखेच्या रंगाची भुकटी.
टनामागे पाव किलो.

मी हसलो.
एवढ्यात तर मिक्सरचं पातंही माखत नाही.

ते म्हणाले, स्फुरद दाण्यात आहेच,
पण कुलपात.
कोंबडीच्या पोटाजवळ किल्ली नाही पुरेशी.
कुलूप तोंडातून आत जातं
आणि पिंजऱ्याखाली पडतं, तसंच, बंद.
मग तुम्ही बाजारातून वेगळं स्फुरद आणता,
पोत्यापोत्यानं.
ही किल्ली आहे.

कलाबाई पोती शिवत होती. माहेर साक्रीचं.
सुई न थांबवता म्हणाली,
"बिबड्यासनी ज्वारी मी तीन रोज भिजाडस.
दाना सोताच उघडस, भाऊ.
तुमनी भुकटी नुसती घाई करस."

डॉक्टरांनी मिटलेली वही परत उघडली.
काय लिहिलं, ते दाखवलं नाही.

म्हणून एका शेडला भुकटी
आणि मागच्या एका ओळीला
कलाबाईची भिजवलेली दादर.
एप्रिल होता. पत्र्याखाली त्रेचाळीस.
चार दिवस ओळीनं आनंदानं खाल्लं,
पाचव्या दिवशी घमेल्याला बुरशी,
सातव्यापर्यंत अकरा पक्षी गेले.

कोणी कोणाला काही बोललं नाही.
तिनं त्या दिवशी तीन पोती उलटी शिवली,
उसवली, पुन्हा शिवली.

आता भुकटी तीच मोजते.
सोनाराकडून उतरलेला जुना काटा आहे,
आधी पाच किलो कोंड्यात कालवते,
मग पंचवीस किलोत, मग मिक्सरमध्ये,
एका जागी साचू नये म्हणून.
हे तिला कोणी शिकवलं नाही.
पापडाच्या पिठात हिंग असाच घालतात, म्हणते.

बलक अजून मक्याइतका पिवळा नाही.
सुरतेचा माणूस अजून चार आणे कमी देतो.

पण काल तिनं दोन अंडी उचलली,
कानाशी नेली,
एकमेकांवर हलकेच टेकवली.
मी पावत्या लिहीत होतो, हात थांबला.

"आते वाजस," म्हणाली,
आणि ट्रेमध्ये परत ठेवली,
टोक खाली करून.