आबितो दा

गावाला 'आ' लागतं, देशाला 'इन',
आणि कुणाकडे राहत असाल तर 'दा'.
फुल्विया शिकवते.
बत्तीस वर्षं तिनं जेनोवाच्या चढणींवर टपाल वाटलं;
अव्यय चुकलं की म्हणते,
पत्र परत येईल हं तुझं.

इद्रिस्सा उठतो : आबितो आ जेनोवा,
इन वीको... आणि गल्लीचं नाव गिळतो.
एका खोलीत सातजण, दारावर पाटी आठव्याची.
तौहीद पाचवा मजला सांगतो, लिफ्ट नाही,
सांगतानाच धाप लागते त्याला.
सगळे हसतात.

मग हालिना.
गुरुवारची अर्धी सुट्टी ती इथं घालवते,
तिचं उत्तर वर्गातलं सर्वांत शुद्ध :
आबितो दाल्ला सिन्योरा इल्दे.
इल्देबाईंकडे असते मी.
त्यांच्या गोळ्या, त्यांचं सूप,
रात्री दार किलकिलं ठेवून झोपणं,
हे सगळं त्या एका 'दाल्ला'त मावायचं.

आज ती तिथंच अडते.
मंगळवारी पहाटे गेल्या.
पुतण्यानं किल्ली मागितलीय, महिनाअखेर.

"राहत होते, कसं म्हणायचं?"

ते नवव्या पाठात आहे.
आपण चौथ्यात.

फुल्विया खडू खाली ठेवते.
माणूस गेल्यावरही त्याच्या नावानं पत्रं येत राहतात,
ती तशी काही दिवस पिशवीत वागवायची,
नियमात बसत नव्हतं तरी.

"महिनाअखेरपर्यंत वर्तमानकाळच वापर," ती म्हणते,
"मी चूक धरणार नाही."