भेटीचा उद्देश

गेटवरच्या वहीत सहा रकाने.
नाव, गाव, मोबाईल, आल्याची वेळ,
भेटीचा उद्देश, आणि शेवटी, अरुंद,
गेल्याची वेळ.
मी लिहिलं : हणमंत साळुंखे. विटा. दहा चाळीस.
मुलीला कॉलेज दाखवणे.
पेरातलं ग्रीस कागदावर उमटलं,
साबणानं कुठं जातंय ते.

साताऱ्याच्या वर, यवतेश्वराच्या घाटात,
एकशे चाळीस पोरं, अकरा शिक्षक,
इमारती पाच, सगळ्या बैठ्या,
वारा उंच काही राहू देत नाही म्हणे.
दाखवायला सन्मती चौगुले, आष्ट्याची, दुसऱ्या वर्षाला.
पायात स्लीपर, कानामागं पेन्सिल.
ती उलटी चालायची, आमच्याकडं तोंड करून,
आणि एकदाही ठेचकाळली नाही.

हे वाचनालय. चपला बाहेर.
ही मेस. भाकरी करायच्या पाळ्या फळ्यावर,
मुलांच्याही.
ही खोली कशाची?
कशाचीच नाही, काका.
भांडण झालं की दोघांनी इथं येऊन बसायचं.
बोललंच पाहिजे असं नाही.

प्रांजल हात उंच करून रेंज शोधत होती.

मी विचारलं, इथं शिकून पुढं काय होतं माणूस?
विचारायचं म्हणून. घरून तेवढंच सांगून पाठवलेलं.
सन्मती थांबली. माझे पप्पा पण हेच विचारतात,
दर रविवारी, फोनवर.
मग?
मग मी आठवड्यात काय वाचलं ते सांगते.
ते म्हणतात, बरं.
आणि पुढच्या रविवारी परत.

भोईटे मॅडमच्या तासाला मागं बसू दिलं.
सोळा पोरं, गोल बसलेली, फळा कोरा.
विषय असा : ऐकणं म्हणजे काय.
कुणी कुणाचं खोडून काढत नव्हतं,
नुसतं एकमेकांच्या वाक्याला जॅक लावून
खाली वाकून बघत होते.
बावीस वर्षं डेपोत मी.
रात्रपाळीला गाडी आत येते,
फाटकापासून खड्ड्यापर्यंत चाळीस पावलं,
तेवढ्यात मला कळतं, बेअरिंग गेलंय
की क्लच प्लेट
की ड्रायव्हर घरी भांडून आलाय.
हे कुणाला सांगितलं नव्हतं. कुणी विचारलंही नव्हतं.
हात वर जायला निघाला,
खांद्यापर्यंत आला,
मग मी त्यानं कान खाजवला.

दुपारी वांगं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी.
ताट आपलं आपण धुवायचं.
शेजारच्या नळावर प्रांजल म्हणाली, चांगलंय, पप्पा.
तिच्या 'चांगलंय'ला मी सतरा वर्षं ओळखतो.
मला सांगलीला नर्सिंगलाच जायचंय, ती म्हणाली.
हातानं काहीतरी करायचंय.
तुमच्यासारखं.

आता ह्याला काय म्हणायचं.
ताट धुऊन झालं होतं,
मी परत धुतलं.

मग ती त्यांच्यात व्हॉलीबॉल खेळली, चांगली खेळली.
मी वाचनालयात बसलो. मोज्याला भोक, अंगठा बाहेर.
समोर एक पोरगं पुस्तकावर झोपलं होतं
आणि कुणी त्याला उठवत नव्हतं.
मी एक पुस्तक काढलं, जाड, कशाचं ते कळेना.
अकरा पानं वाचली.
बारावं परत पहिल्यापासून.

वॉचमन म्हणाला, वेळ टाका.
पाच वीस, लिहिलं.
वर बघितलं तर उद्देशाच्या रकान्यात माझं अक्षर,
आणि 'मुलीला'वर नेमका ग्रीसचा ठसा.

परतीची गाडी चढाला दुसऱ्या गिअरमध्ये रडत होती.
प्रांजल खांद्यावर झोपली.
माहितीपुस्तिका तिनं माझ्या पिशवीत टाकली होती, डब्याखाली,
कोपरा तेलकट झालेला.
उंब्रजच्या स्टँडवर गाडी दहा मिनिटं थांबली.
ट्यूबलाइटच्या उजेडाकडं पान तिरकं धरून
मी शोधत होतो,
वयाची अट कुठं लिहिलीय.